बहात्तरांतले एकोणीस

तंजावूरच्या राजवाड्यात अजून नायकांचं राज्य होतं. सतराव्या शतकाचा मध्य. गादीवर विजयराघव नायक, आणि त्याच्या पदरी व्यंकटमखी नावाचा पंडित. वडील गोविंद दीक्षित याच दरबाराचे थोर मंत्री. विजयराघवाच्या सांगण्यावरून व्यंकटमखीने 'चतुर्दंडी प्रकाशिका' हा संगीतावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्यात स्वरांपासून एकूण किती मेळ बांधता येतील याचा हिशेब मांडला. उत्तर आलं ७२. एक कमी नाही, एक जास्त नाही; प्रत्यक्ष शंकरालाही त्र्याहत्तरावा करता येणार नाही, असं त्याने छातीठोकपणे लिहून ठेवलं. पण सविस्तर वर्णन केलं ते १९ मेळांचंच. त्याच्या काळी गाण्या-वाजवण्यात तेवढेच होते.

हातातलं पुस्तक संगीताचं नाही. कंपाइल होणाऱ्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये जेनेरिक फंक्शन कसं चालतं, हा त्याचा विषय. तरी प्रस्तावना व्यंकटमखीपासून सुरू केली, कारण नियमातून निघू शकणारे ७२ आणि प्रत्यक्षात लागलेले १९, या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तेच या पुस्तकाचं क्षेत्र आहे. नियम एकदा लिहायचा, त्यात काही जागा मोकळ्या ठेवायच्या, त्या जागी काय बसेल आणि काय बसणार नाही याची अट घालायची, आणि प्रत्यक्ष रूपं मागणी येईल तशी घडवायची. ही विचाराची रीत संगणकाच्या फार आधीपासून चालत आलेली आहे आणि तिचं एक अत्यंत काटेकोर उदाहरण याच राजवाड्यात तयार झालं.

हिशेब थोडा उलगडून पाहू, कारण पुढे तो लागणार आहे. षड्ज आणि पंचम अचल. मध्यम दोन. उरले ऋषभ, गांधार, धैवत, निषाद. दक्षिणेच्या पद्धतीत या प्रत्येकाचे तीन-तीन भेद आहेत, म्हणजे ऋषभ-गांधाराच्या जोड्या कागदावर नऊ होतात. पण षड्ज आणि मध्यम यांच्यामध्ये स्वरस्थानं चारच. त्यामुळे दोन जोड्यांत ऋषभ आणि गांधार एकाच जागी येऊन बसतात, आणि एका जोडीत तर ऋषभ गांधाराच्याही वर चढतो. ऋषभ खाली, गांधार वर, एवढी एक अट घातली की या तीन जोड्या गळतात आणि सहा उरतात. धैवत-निषादाचंही तसंच. सहा गुणिले सहा गुणिले दोन, ७२. अट नसती तर आकडा १६२ झाला असता आणि त्यातल्या नव्वदांना काही अर्थ नसता. हे नव्वद वगळायला कुणाला गाऊन पाहावं लागलं नाही. ते मांडणीतच बाद झाले.

आता फंक्शनकडे येऊ. यादीतली सर्वांत मोठी वस्तू शोधून देणारं फंक्शन घ्या. माणसाच्या डोक्यात त्याची कृती एकच असते : पहिली वस्तू हातात धरायची, पुढच्या प्रत्येकीशी तुलना करायची, मोठी सापडली की हातातली बदलायची. यादी पूर्णांकांची असो, दशांश अपूर्णांकांची असो की नावांची, कृती बदलत नाही. प्रोसेसरच्या दृष्टीने मात्र ही तीन निराळी कामं आहेत. साधा पूर्णांक चार बाइटांचा, तो एका प्रकारच्या रजिस्टरमध्ये बसतो आणि त्याच्या तुलनेची सूचना वेगळी. दशांश संख्या आठ बाइटांची, तिची रजिस्टरं निराळी, तुलनेची सूचनाही निराळी. नाव म्हणजे तर मेमरीत दुसरीकडे कुठेतरी ठेवलेली बाइटांची ओळ. तिथे तुलना ही एक सूचना नसतेच, आणखी एक फंक्शन असतं.

पायथनसारख्या भाषेत ही अडचण जाणवत नाही, कारण तिथे प्रत्येक मूल्य आपला टाइप बरोबर घेऊन फिरतं आणि प्रोग्राम चालू असताना त्याला तो विचारता येतो. कंपाइल होणाऱ्या भाषेत प्रोग्राम चालू झाला की बहुतेक मूल्यं म्हणजे नुसते बाइट. चार बाइट समोर आहेत. ते वय आहे, किंमत आहे की अक्षर आहे, हे त्या बाइटांवर कुठेही लिहिलेलं नसतं. जे ठरवायचं ते आधी ठरवून मशीन कोडमध्ये उतरवलेलं असावं लागतं. म्हणून कोणत्याही टाइपसाठी चालणारं फंक्शन ही मागणी इथे सरळ नाही. माझ्या मते हे न सांगता जेनेरिक शिकवायला घेणं म्हणजे विद्यार्थ्याचं नुकसान आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकं 'तोच कोड पुन्हा लिहावा लागत नाही' एवढ्यावर थांबतात. पुन्हा न लिहिणं हा फायदा खराच, पण तो लिहिणाऱ्याचा. कंपाइलरच्या पदरी त्यामुळे काय काम पडलं आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतं, हे या पुस्तकात पहिल्या प्रकरणापासून विचारलेलं आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

या प्रश्नाची एक परंपरा आहे. क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ च्या आपल्या व्याख्यानांमध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या : एकाच नावाखाली निरनिराळ्या टाइपांसाठी निरनिराळ्या कृती, आणि सगळ्या टाइपांसाठी खरोखर एकच कृती. रॉबिन मिल्नर यांच्या १९७८ च्या निबंधाने दुसऱ्या प्रकाराला गणिती पाया दिला आणि एमएल भाषेतून तो वापरात आला. त्याच दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेत 'या जागी येणाऱ्या टाइपला अमुक क्रिया करता आली पाहिजे' अशी अट लिहायची सोय झाली. पुढे अडा, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, रस्ट. गो भाषा २००९ मध्ये जाहीर झाली, पण तिच्यात जेनेरिक आलं ते मार्च २०२२ मध्ये, १.१८ या आवृत्तीत. मधली सगळी वर्षं आळसात गेली नव्हती. किंमत कुणाकडून घ्यायची, लिहिणाऱ्याकडून, कंपाइलरकडून की चालणाऱ्या प्रोग्रामकडून, याच प्रश्नापाशी चर्चा अडली होती.

पहिला मार्ग रस्ट आणि सी प्लस प्लस यांचा. कंपाइलर जेनेरिक फंक्शनला एक नियम म्हणून ठेवून घेतो. त्याचा लगेच मशीन कोड होत नाही, होऊ शकत नाही. प्रोग्राममध्ये ते कुठे बोलावलं आहे हे तो पाहतो, दिलेल्या मूल्यांवरून मोकळ्या जागी कोणता टाइप बसतो ते ताडतो, आणि त्या टाइपसाठी फंक्शनची एक स्वतंत्र प्रत घडवतो. पूर्णांकांसाठी एक, दशांशांसाठी एक, नावांसाठी एक. याला मोनोमॉर्फायझेशन म्हणतात. प्रत घडली की ती हाताने लिहिलेल्या साध्या फंक्शनपेक्षा वेगळी राहत नाही. टाइप ठाऊक, आकार ठाऊक, तुलनेची सूचना ठाऊक. म्हणून पुढचं सगळं ऑप्टिमायझेशन तिला लागू होतं आणि ती तितकीच वेगाने चालते.

एखादं जेनेरिक फंक्शन लिहिलं आणि कुठेच बोलावलं नाही, तर तयार बायनरीत त्याचा एकही बाइट नसतो. विद्यार्थ्यांना हे खटकतं : फंक्शन तर लिहिलं आहे, मग गेलं कुठे? ते नियमाच्या रूपात आहे. नियम ७२ रूपं देऊ शकतो. प्रोग्रामने १९ मागितली तर १९ घडतात. व्यंकटमखीपुढेही हाच आक्षेप होता, की वापरात नसलेल्या मेळांचा हा खटाटोप कशाला. त्याची मांडणी आज गायले जाणारे आणि पुढे कधी गायले जातील ते, अशा सगळ्यांसाठी होती. काळाने त्याला उत्तर दिलं. मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या परंपरेत बहात्तरही मेळांत रचना झाल्या. आणि आपल्याकडे भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत फिरले, ही मेळपद्धती त्यांनी बारकाईने समजून घेतली, आणि हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट ठरवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी : हे दहाही थाट बहात्तरांत जसेच्या तसे सापडतात. नियम तोच राहिला आणि उत्तरेच्या मागणीनुसार त्यातली दहा रूपं प्रत्यक्षात आली.

इतक्या प्रती झाल्या की त्यांना नावं लागतात. लिंकरला एका नावाची दोन फंक्शनं चालत नाहीत, म्हणून कंपाइलर प्रत्येक प्रतीच्या नावातच तिचे टाइप सांकेतिक अक्षरांनी गुंफतो. बायनरीतली नावांची यादी पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, एवढी ती लांब आणि वेडीवाकडी दिसतात. पण नियम कळला की ती वाचता येतात. मेळांच्या बाबतीतही पुढच्या पिढ्यांनी असंच केलं. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला एक अंक असतो. मेळाच्या नावाची पहिली दोन अक्षरं घ्यायची, त्यांचे अंक उलटे मांडायचे, की मेळाचा क्रमांक मिळतो. मेचकल्याणी : म म्हणजे ५, च म्हणजे ६, उलटे ६५. मायामाळवगौळ : म ५, य १, उलटे १५. क्रमांक मिळाला की त्यातले सगळे स्वर हिशेबाने काढता येतात, कारण पहिले ३६ शुद्ध मध्यमाचे, पुढचे ३६ प्रति मध्यमाचे, आणि आत सहा-सहाचे गट. नावातच पूर्ण रचना. कंपाइलर लिहिणाऱ्या कुणाला या पद्धतीचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

या मार्गाची किंमत मात्र मोजावी लागते. प्रती वाढल्या की बायनरी फुगते, आणि प्रत्येक प्रत नव्याने ऑप्टिमाइझ करताना कंपाइलरचा वेळ जातो. रस्टचे मोठे प्रकल्प बांधायला वेळ लागतो ही सर्वांची तक्रार आहे आणि तिची एक मुळी इथे आहे. दुसरी किंमत अशी की जेनेरिक फंक्शन फक्त मशीन कोडच्या रूपात दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, कारण त्याचे टाइप अजून ठरायचे असतात. सी प्लस प्लसमध्ये म्हणूनच टेम्प्लेट हेडर फाइलमध्ये उघडं ठेवावं लागतं. रस्टमध्ये लायब्ररीबरोबर त्याचं अर्धवट भाषांतरित रूप साठवून पाठवतात. दोन वेगळ्या फाइलींत एकाच टाइपची प्रत घडली तर सी प्लस प्लसचा लिंकर त्यातली एक ठेवतो, बाकीच्या टाकून देतो.

दुसरा मार्ग असा : प्रती करायच्याच नाहीत. मशीन कोड एकच, पण त्याला मूल्यांबरोबर एक तक्ता द्यायचा. तुलना करायची तर अमुक पत्त्यावरचं फंक्शन बोलाव, असं त्या तक्त्यात लिहिलेलं असतं. हॅस्केलमधल्या टाइप क्लासची कल्पना फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडली ती अशाच तक्त्याच्या आधाराने. स्विफ्टमध्येही तक्ता असतो, आणि फायद्याचं दिसेल तिथे कंपाइलर खास प्रत काढतो. जावाने २००४ मध्ये तिसरीच वाट धरली. जुना कोड आणि जुन्या लायब्रऱ्या तशाच चालू राहाव्यात म्हणून टाइपची माहिती कंपाइलरने तपासून झाली की पुसून टाकायची, खाली सगळ्या वस्तू सारख्याच. त्यामुळे जावाच्या यादीत साधा पूर्णांक थेट ठेवता येत नाही, तो एका वस्तूत गुंडाळावा लागतो. वर्षभराने आलेल्या सी शार्पच्या दुसऱ्या आवृत्तीत थेट मूल्यांच्या टाइपांसाठी वेगवेगळ्या प्रती आणि वस्तूंकडे बोट दाखवणाऱ्या टाइपांसाठी एकच सामाईक प्रत, अशी वाटणी झाली. गोने २०२२ मध्ये स्वीकारलेला मार्ग याच्या जवळचा : मेमरीतला आकार-घडण सारखी असलेल्या टाइपांना एक प्रत, आणि त्यांच्यातला फरक सांगायला बरोबर तक्ता.

पुस्तकाच्या लेखकाचा कल पहिल्या मार्गाकडे आहे आणि तो लपलेला नाही. मी तितका खात्रीने बोलणार नाही. ज्या कामात एकेक सूचना मोजून घ्यावी लागते तिथे प्रती हव्यातच. पण शेकडो टाइपांवर कधीमधी चालणाऱ्या फंक्शनच्या शेकडो प्रती काढणं हा अपव्यय आहे, आणि रस्टलाही ते मान्य आहे. म्हणून तर तिथे तक्त्याचा मार्ग मागून घेता येतो. निवड लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि म्हणून ती समजून करण्याची जबाबदारीही त्याचीच.

आणखी एका ठिकाणी व्यंकटमखीचा हात सोडावा लागतो. त्याचे मेळ मोजून ७२; टाइपांना अंत नाही. पूर्णांकांची यादी हा टाइप, अशा याद्यांची यादी हा दुसरा टाइप, आणि हे कितीही लांबवता येतं. एखादं जेनेरिक फंक्शन स्वतःलाच बोलावताना दरवेळी एक यादी वाढवत गेलं, तर प्रती काढणारा कंपाइलर कधीच थांबणार नाही. रस्ट अशा वेळी ठरावीक खोलीनंतर हात टेकतो आणि त्रुटी दाखवतो. तक्त्याच्या मार्गाने जाणाऱ्या हॅस्केलला हे फंक्शन चालवता येतं, कारण तिथे नवा टाइप म्हणजे नवी प्रत नसते, चालू प्रोग्राममध्ये बांधलेला फक्त नवा तक्ता असतो. या प्रकरणाला पुस्तकात मोजकीच पानं आहेत; मला ती जास्त असती तर आवडलं असतं.

अटींवरचं प्रकरण मात्र मनासारखं झालं आहे. आपल्या फंक्शनमध्ये मोकळ्या जागी येणाऱ्या टाइपची तुलना करता आली पाहिजे, ही अट. रस्टमध्ये ती फंक्शनच्या माथ्यावर लिहावी लागते आणि कंपाइलर दोन्ही बाजू तपासतो : बोलावणाऱ्याने दिलेला टाइप अट पाळतो का, आणि फंक्शनच्या आत अटीबाहेरचं काही वापरलं आहे का. सी प्लस प्लसमध्ये फार काळ अट लिहायची सोयच नव्हती. चुकीचा टाइप दिला की चूक उघडी पडायची ती लायब्ररीच्या पोटात खोलवर, आणि त्रुटीचा संदेश पानंच्या पानं. २०२० च्या प्रमाणित आवृत्तीत कॉन्सेप्ट आले आणि बोलावणाऱ्याची बाजू सुधारली. फंक्शनचा आतला भाग त्या अटीपुरताच राहतो की नाही, हे मात्र तिथे अजूनही आधी तपासलं जात नाही.

अट कितीही नेमकी असली तरी ती क्रिया आहे एवढंच सांगते. क्रिया शहाणी आहे याची हमी देत नाही. दशांश संख्यांमध्ये 'संख्या नाही' असं एक मूल्य असतं, शून्याला शून्याने भागल्यावर येणारं. ते कशाहून लहान नाही, मोठं नाही, स्वतःइतकंही नाही. त्यामुळे रस्टने दशांश संख्यांना पूर्ण क्रमाची अट पाळणाऱ्या टाइपांत घेतलेलंच नाही. त्यांची यादी नेहमीच्या फंक्शनने लावायला गेलं तर प्रोग्राम कंपाइल होत नाही. नवशिक्याला ही अडवणूक वाटते. चुकीचा क्रम गुपचूप लावून देण्यापेक्षा ती कितीतरी बरी. गाण्यातही मेळ स्वर ठरवून देतो, गमक आणि चलन ठरवत नाही. एकाच मेळातले दोन राग म्हणूनच वेगळे राहतात.

इथे मला तंजावूरच्या सरस्वती महाल या ग्रंथसंग्रहाबद्दल लिहावंसं वाटतं. व्यंकोजींनी तंजावूर घेतल्यावर नायकांचा हा ग्रंथसंग्रह भोसल्यांनी जपला, वाढवला. तुळजाराजांनी स्वतः 'संगीतसारामृत' लिहिलं तेव्हा व्यंकटमखीचा हिशेब त्यांच्या समोर होता. सरफोजी दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत संग्रहाला आजचं रूप दिलं आणि राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. त्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मराठी पुस्तक निघालं, पश्चिमेकडचं नवं ज्ञान मराठीत आणण्याचे प्रयत्न झाले. तमिळ मुलखात, मराठीचा रोजचा वावर थोड्या घरांपुरता असताना. १९१८ मध्ये संग्रह लोकांसाठी खुला झाला. आज तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या आणि मोडी कागदांचे रुमाल शेजारी शेजारी आहेत. अशा संग्रहातल्या मराठी ग्रंथांची नावं संगणकाने वर्णानुक्रमे लावायची ठरवली, तर जेनेरिक फंक्शनच्या अभ्यासाला याहून चांगला धडा मिळणार नाही.

कारण क्रम लावणारं फंक्शन तेच असतं, फक्त तुलना कोणती हे आपण ठरवायचं असतं. बहुतेक भाषांमध्ये अक्षरओळींची तयार तुलना युनिकोडच्या क्रमांकांवर चालते. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ०९३३, व चा ०९३५, ह चा ०९३९. म्हणजे यंत्राच्या हिशेबी ळ हा ल ला लागून, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. टाइप अट पाळतो, कंपाइलर समाधानी आहे, प्रोग्राम वेगात चालतो, आणि सूची मराठी वाचकासाठी चुकीची आहे. दुरुस्ती फंक्शनमध्ये करायची नाही. अक्षरओळीला आपल्या नव्या टाइपचं वेष्टन घालायचं, त्या टाइपची तुलना मराठी क्रमाने लिहायची, आणि तेच जुनं फंक्शन पुन्हा बोलवायचं. कंपाइलर एक नवी प्रत घडवील.

पुस्तक वाचायला घेणाऱ्याने पहिली तीन प्रकरणं झाल्यावर हा प्रयोग करून पाहावा, असं मी सुचवतो. पुढची प्रकरणं त्यानंतर वेगळी वाटतील. काळ, काव्य, काशी, काहूर हे चार शब्द यादीत टाका. तयार तुलनेने 'काळ' सर्वांत वर येईल. तुमची तुलना बरोबर लिहिली असेल तर तो सर्वांत खाली येईल. मग बायनरीतली नावांची यादी उघडा आणि त्याच फंक्शनची तुमच्या टाइपसाठी घडलेली प्रत त्यात शोधा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा, नाहीतर ती बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये विरघळून गेलेली असेल.